कागदाचं सी हॉक: विक्रांतवरचं फायटर 1/48 मध्ये, टेम्प्लेटपासून शेवटच्या चाकापर्यंत

कागदी विमानं करणारे बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धातल्या नेव्ही फायटरपासून सुरुवात करतात, जपानी झिरो, अमेरिकन वाइल्डकॅट नाहीतर हेलकॅट, कॉर्सेअर, आणि त्यात वावगं काही नाही कारण त्यांचे तयार टेम्प्लेट, म्हणजे कापून जोडायच्या भागांचे नमुने, ढिगाने मिळतात, प्रिंट काढा, कापा, चिकटवा, झालं. पण एक-दोन तयार मॉडेल करून हात बसला असेल तर पुढचं विमान सी हॉक घ्या असं मी सांगेन. आपल्या जुन्या आयएनएस विक्रांतवरून 1971 च्या युद्धात खरंखुरं लढलेलं हे विमान, आणि त्याचं टेम्प्लेट आपलं आपणच काढायचं. वाटतं तेवढं अवघड नाहीये. एक जागा सोडली तर.

ती जागा म्हणजे पंखाचं मूळ, जिथे पंख बॉडीला भेटतो. सी हॉकचं सगळं डोकं तिथेच आहे. मूळ डिझाइन हॉकर कंपनीचं, पी.1040 नावाचा प्रोटोटाइप 2 सप्टेंबर 1947 ला उडाला, पुढे बरीचशी विमानं आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने बांधली. इंजिन एकच, रोल्स रॉइस नीन, बॉडीच्या मधोमध. हवा आत घेणारी तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी पुढच्या कडेला, आणि धूर बाहेर टाकणारा पाइप मागे शेपटीपर्यंत न नेता आतच दोन फाटे करून पंखाच्या मागच्या कडेला डावी-उजवीकडे बाहेर काढलाय. त्यामुळे मागची अख्खी बॉडी मोकळी राहिली आणि तिथे इंधनाची टाकी बसली, समुद्रावर लांब जायचं तर ते हवंच. आता आपल्या कामाचं: इनटेक, एक्झॉस्ट, पंखाचा आधार, मागची चाकं, सगळं त्या दोन-अडीच इंचात कोंबलेलं आहे. म्हणून नाकापासून सुरू करून शेपटीकडे जायची नेहमीची पद्धत इथे नको. मधून सुरू करायचं आणि दोन्ही बाजूंना वाढवत न्यायचं, हा या लेखातला एकमेव हट्ट समजा.

साइज आणि संदर्भ

खऱ्या विमानाची लांबी 12.09 मीटर, पंखांचा पसारा 11.89 मीटर. कागदी विमानांत 1/33 स्केल, म्हणजे खऱ्याच्या तेहेतिसावा भाग, जास्त चालतं पण मी 1/48 सुचवतो, कारण 1/48 ला लांबी येते 252 मिमी आणि पसारा 248 मिमी, म्हणजे साइड व्ह्यू ए4 कागदावर अख्खा मावतो आणि टॉप व्ह्यूचा एका बाजूचा अर्धा भागही, दुसरी बाजू त्याच्यासारखीच असते, त्यामुळे फारसे तुकडे जोडत बसावं लागत नाही. 1/33 ला हेच 366 आणि 360 होतं, मग ए3 लागतो आणि गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे ए3 कार्डशीट ओढणारा प्रिंटर असेलच असं नाही.

थ्री-व्ह्यू ड्रॉइंग, म्हणजे बाजूने, वरून आणि समोरून काढलेलं, नेटवर मिळतं, दोन-तीन वेगवेगळी डाउनलोड करा आणि एकमेकांवर ठेवून बघा, कुठलंच शंभर टक्के जुळत नाही. जे फोटोशी जुळतं ते घ्या. फोटो म्हणाल तर गोव्याला जाणं झालं तर बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये एक चक्कर मारा, दाबोळी विमानतळाच्या जवळच आहे, तिथे सी हॉक ठेवलंय आणि पोटाखाली वाकून बघता येतं. लोक समोरून सेल्फी काढतात आणि परत येतात. तुम्ही पंखाच्या मुळाचे फोटो काढा: समोरून इनटेकच्या पातळीला मोबाइल धरून, मागून एक्झॉस्टच्या तोंडात बघत, खालून चाकाच्या खोबणीचा, आणि एक अगदी वरून जेवढा हात पोचेल तेवढा. हे चार फोटो घरी आल्यावर सोन्यासारखे वाटतील कारण ड्रॉइंगमध्ये हा भाग नेहमी दोन रेघांत गुंडाळलेला असतो. मुंबईकरांना विक्रांत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हाचे, म्हणजे 2001 ते 2012 मधले, घरातले जुने फोटोही उपयोगी पडू शकतात, अल्बम उघडून बघा, 2014 मध्ये दारुखान्याला जहाज तोडायला घेतल्यावर तो मार्ग बंदच झाला.

सामान

फार काही लागत नाही. 160 ते 180 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड) पांढरी कार्डशीट बाहेरच्या कातडीसाठी, 100 जीएसएमचा कागद बारक्या भागांना आणि जोडपट्ट्यांना, 1 मिमीचा ग्रेबोर्ड आतल्या फॉर्मरना, म्हणजे बॉडीच्या आत उभे बसणारे ते गोल पडदे. ग्रेबोर्ड नाही मिळाला तर जाड लग्नपत्रिका दोन थर चिकटवून वापरा, घरात ढीग असतोच आणि कुणी परत मागत नाही. कटर पातळ स्नॅप-ब्लेडचा, ब्लेड कंजुषी न करता मोडायची, बोथट ब्लेड कागद कापत नाही, फाडतं. स्टील पट्टी (प्लॅस्टिकची पट्टी कटरने लगेच सोलून निघते), कटिंग मॅट, संपलेली बॉलपेनची रिफील घडीच्या रेषा दाबायला, वेगवेगळ्या जाडीच्या विणायच्या सुया कागद वळवायला, टूथपिक गोंद लावायला. पॉलिश पेपर 220 आणि 400 नंबरचा.

गोंद साधा पांढरा फेविकॉलच, पण बाटलीतून थेट नाही. झाकणात थोडा काढून दहा-पंधरा मिनिटं उघडा ठेवा, पाणी थोडं उडतं आणि दाट होतो, मग टूथपिकने अगदी पातळ थर. कागद गोंदाने नाही, गोंदातल्या पाण्याने सुरकुततो. फेव्हिक्विक फक्त दोन ठिकाणी, तारेला आणि चाकांच्या कडा टणक करायला, आणि तेसुद्धा खिडकी उघडी ठेवून, कारण कागदात मुरताना ते गरम होतं आणि वाफ डोळ्यात जाते. मुलं बरोबर बसणार असतील तर कटर आणि फेव्हिक्विक आपल्या हातात, बाकी सगळं त्यांच्याकडे.

कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. पट्टी फाडून बघा, एका दिशेने सरळ फाटते, दुसरीकडे वाकडीतिकडी. नळी वळवताना तंतू नळीच्या लांबीच्या दिशेत आले पाहिजेत, मग कागद गुळगुळीत वळतो, उलटं केलं तर बारीक बारीक कोन पडतात आणि नंतर कितीही रंग दिला तरी ते दिसतात. टेम्प्लेट कागदावर मांडतानाच हे बघून घ्या.

टेम्प्लेट काढणं

कागद एकाच दिशेला वळतो. दोन्ही दिशांना वळवायला गेलात तर चुरगळतो. त्यामुळे फुगीर बॉडीचे आडवे काप पाडायचे आणि प्रत्येक काप म्हणजे टोक कापलेला शंकू समजायचा. साइड व्ह्यूवर उभ्या रेषा मारा. जिथे आकार पटापट बदलतो तिथे रेषा जवळ जवळ, म्हणजे नाक आणि कॅनोपीच्या (पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) मागचा उतार, जिथे सरळसोट आहे तिथे लांब. साधारण नऊ-दहा काप पुरतात. प्रत्येक रेषेवर साइड व्ह्यूमधून उंची आणि टॉप व्ह्यूमधून रुंदी मोजायची आणि वहीत तक्ता करायचा.

आता एक काप करून बघू. समजा पुढचा व्यास 34 मिमी, मागचा 40, आणि कापाची लांबी 30. त्रिज्या 17 आणि 20, फरक 3. तिरकी लांबी काढायची: 30 चा वर्ग अधिक 3 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, येतं 30.15. आता पूर्ण शंकू असता तर त्याची तिरकी बाजू किती? 30.15 गुणिले 20 भागिले 3, म्हणजे 201 मिमी. म्हणजे बाहेरचा कंस 201 त्रिज्येचा, आतला 201 वजा 30.15, साधारण 170.9 चा. कोन किती उघडायचा? 360 गुणिले 20 भागिले 201, येतात 35.8 अंश. झालं, दोन कंस, दोन सरळ रेषा, तुमचा सेगमेंट तयार. पडताळा घ्यायचा असेल तर बाहेरच्या कंसाची लांबी 125.6 आली पाहिजे, म्हणजे 40 गुणिले 3.14. शाळेच्या कंपासमध्ये 201 मिमी त्रिज्या बसत नाही, त्याला कार्डशीटची एक लांब पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी, 201 वर आणि 170.9 वर टाचणीनेच भोकं, त्यात 0.5 ची पेन्सिल घालून फिरवा. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर इंकस्केप नावाचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हेच गणित तिथे दोन वर्तुळांत होतं.

जिथे काप गोल नाही, अंडाकृती आहे, किंवा वरून कॅनोपीचा कठडा आलाय, तिथे गणित सोडून द्या. फॉर्मर उभे करून त्यांच्याभोवती ट्रेसिंग पेपर गुंडाळा, पोटाखाली एकत्र येतो तिथे आणि पुढच्या-मागच्या कडेला पेन्सिलने खूण करा, उलगडा, पट्टीने रेषा सरळ करा, तेच टेम्प्लेट. मी तर म्हणेन की पंखाच्या मुळाच्या सगळ्या कातड्या अशाच काढा, सॉफ्टवेअरने उलगडून दिलेला तो भाग कागदावर कधी धड बसत नाही.

फॉर्मरचा व्यास काढताना कागदाची जाडी वजा करायला विसरू नका. 160-180 जीएसएम कार्डशीट साधारण 0.2 मिमी जाड असते, दोन्ही बाजू मिळून 0.4. म्हणजे 40 च्या कापाला फॉर्मर 39.6 चा. हे वाचताना क्षुल्लक वाटतं, पण विमानाच्या बरगड्या बाहेरून मोजता येण्याइतक्या उठलेल्या दिसतात ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. काठावर असेल तर फॉर्मर लहानच ठेवा. लहान फॉर्मर चालतो, मोठा नाही.

प्रिंट काढायला गेलात तर दुकानात आधी एक 100 मिमीची रेघ छापून पट्टीने मोजा. प्रिंटरचं सेटिंग फिट टू पेज असेल तर ती 97 वगैरे येते आणि मग सगळंच विमान आकसतं, तेही गुपचूप. ॲक्च्युअल साइज सांगायचं. इंकजेट प्रिंट असेल तर कापायच्या आधी मॅट फिक्सेटिव्हचा हलका फवारा, नाहीतर गोंदाच्या बोटाने शाई पसरते. लेसर प्रिंटला पाण्याचं भय नाही पण गडद रंग घडीवर तडकतो.

मधला डबा

आता खरं काम. पुढच्या स्पारच्या जागी एक फॉर्मर, मागच्या स्पारच्या जागी एक, दोघांच्या मध्ये ग्रेबोर्डच्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे एक डबा तयार होतो. स्पार म्हणजे पंखातून आडवी जाणारी पट्टी, ती ग्रेबोर्डच्या दोन थरांची करा आणि डावीकडून उजवीकडे अखंड जाऊ द्या, फॉर्मरमध्ये तिच्यासाठी खाच पाडा. पंख जरा वर उचललेले असतात तो कोन फ्रंट व्ह्यूवरून थेट स्पारच्या आकारातच कापून घ्या, नंतर पंख वाकवून कोन आणायच्या भानगडीत पडू नका. डबा चिकटवताना गुण्या लावून बघा, आणि सुकेपर्यंत सपाट काचेवर वजनाखाली ठेवा. हा डबा अर्धा मिमी पिळलेला राहिला तर पंखाच्या टोकाला तो पिळ कितीतरी पट होऊन बाहेर येतो आणि मग सुधारायला काही उरत नाही.

इनटेक: आतला मार्ग संपूर्ण करायची गरज नाही. काळ्या कार्डशीटची निमुळती नळी 15-20 मिमी आत गेली की पुढे काही दिसत नाही. ती नळी डब्याला चिकटवा, मग तिच्याभोवती मुळाची पहिली बरगडी, म्हणजे पंखाच्या कापाच्या आकाराची उभी पट्टी. ओठ मात्र नीट करायचा. इनटेकच्या तोंडाच्या आकाराचे तीन पातळ छल्ले एकमेकांवर चिकटवा, सुकल्यावर कडेला फेव्हिक्विक अगदी थोडं मुरू द्या, मग 400 च्या पॉलिश पेपरने गोलाई आणा. समोरून विमान बघणाऱ्याची नजर आधी नाकावर आणि लगेच या दोन तोंडांवर जाते, दोन्ही सारखी दिसली पाहिजेत, म्हणून डावा-उजवा ओठ एकदमच करा, एकामागून एक घासत, मोजत.

एक्झॉस्टला चॉकलेटच्या आतली चांदी 100 जीएसएमवर चिकटवून तिची नळी वळवा, आतून थोडा तपकिरी-काळा रंग कोरड्या ब्रशने. नळी तिरकी बाहेर पडते आणि तिच्या मागे बॉडीच्या अंगावर पेनाच्या निबेच्या आकाराचं निमुळतं आवरण आहे, गरम झोताने बॉडी भाजू नये म्हणून. हे आवरण वेगळ्या कागदाचं करा आणि शेवटी वरून चिकटवा, बॉडीच्या कातडीतूनच कोरायला जाल तर तिथे तीन-चार वळणं एकत्र येतात.

मुळाची कातडी वर आणि खाली अशी दोन तुकड्यांत. ट्रेसिंग पेपरवर काढलेला नमुना आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कापून लावून बघा. पुढच्या कडेला जिथे तो इनटेकच्या ओठावरून वळतो तिथे दोन-तीन बारीक चिरा लागतील, चिरेच्या मागे 100 जीएसएमची पट्टी. बसला की मगच कार्डशीट कापा. इथे घाई करणाऱ्याचं विमान बाकी कितीही छान असलं तरी लांबून बघताच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काय चुकलं ते बोट ठेवून सांगता येत नाही.

बॉडी पुढे आणि मागे

डब्याच्या दोन्ही बाजूंना आता सेगमेंट जोडत जायचं. प्रत्येक सेगमेंट कापला की आधी कडा रंगवायच्या. कागदाची कापलेली कड पांढरी असते आणि जोडावर ती पांढरी रेष चमकते, वॉटरकलर पेन्सिल ओली करून त्याच राखाडी छटेने कड फिरवून घ्या. मग तळहातावर कागद ठेवून विणायच्या सुईने हलके दाबत लाटा, जाड सुईपासून बारीककडे, तो स्वतःहून नळीच्या आकारात उभा राहिला पाहिजे, गोंदाच्या जोरावर वाकवलेला नको. शिवण पोटाखाली.

जोडायच्या दोन पद्धती आहेत. एकात प्रत्येक सेगमेंटच्या दोन्ही टोकांना फॉर्मर आणि दोन फॉर्मर पाठीला पाठ लावून चिकटवायचे. दुसऱ्यात एका टोकाला 8 मिमीची जोडपट्टी आतून, ती पुढच्या सेगमेंटमध्ये सरकते, आणि फॉर्मर एकच. पहिली मजबूत पण चूक साठत जाते, दुसरीत सरकवून, फिरवून शिवणी एका रेषेत आणता येतात. माझा कौल दुसरीला. जोडपट्टीला दातेरी कापायची गरज नाही, निमुळत्या भागात थोड्या चिरा पुरेत.

मागची बॉडी शेपटीपर्यंत पूर्ण करा. पुढची मात्र कॉकपिटपर्यंतच, नाकाचा शेवटचा भाग चिकटवायचा नाही. सी हॉक तीन चाकांवर पुढे नाक टेकून उभं राहतं आणि कागदी मॉडेलमध्ये मागचा भाग जड होतो, त्यामुळे नाकात वजन टाकल्याशिवाय ते शेपटीवर बसतं. किती वजन ते आधी सांगता येत नाही. पंख आणि शेपटी लागल्यावर मागच्या चाकांच्या रेषेखाली एक पेन्सिल आडवी धरून विमान तोलायचं, आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत आत नट, वॉशर टाकत जायचं, मग ते फेविकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यूने घट्ट बसवायचं, खुळखुळा नको. त्यानंतर नाक बंद.

नाकाचं टोक सेगमेंटने होत नाही, तिथे संत्र्याच्या सालीसारख्या सहा-आठ पाकळ्या कापून एकत्र आणायच्या आणि सुकल्यावर पॉलिश पेपर. आतून गोंदाचा जाड थर देऊन ठेवला असेल तर घासताना भोक पडत नाही. नाकाच्या खालच्या बाजूला चार 20 मिमी तोफांची तोंडं असतात, ती टाचणीने टोचून आत काळा ठिपका, नळ्या बाहेर काढू नका.

कॉकपिटमध्ये डॅशबोर्ड, सीट, मागची डोकं टेकायची पाटी, बस. 1/48 ला बंद कॅनोपीतून त्याहून जास्त दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यावर रविवार घालवायचा का ते तुमचं तुम्ही ठरवा.

पंख, शेपटी

पंखाची कातडी एकाच तुकड्यात, पुढच्या कडेला घडी. पण ती घडी धारदार नको, रिफीलने रेष दाबायचीच नाही, सुईवर गोल वळवायची. मागची कड उलट हवी, जितकी पातळ तितकी छान, म्हणून चिकटवायच्या आधी आतल्या बाजूने शेवटचे 3-4 मिमी पॉलिश पेपरने घासून निम्मे करा. आत मधल्या स्पारवर दोन-तीन बरगड्या पुरतात. पंख स्पारवर सरकवा, गोंद न लावता, आणि समोरून एक डोळा मिटून बघा. मग दोन्ही टोकं टेबलापासून किती उंच आहेत ते पट्टीने मोजा. सारखी आली की गोंद, आणि टोकांखाली काडेपेट्या किंवा पत्त्यांचे गठ्ठे रचून रात्रभर सोडून द्या.

शेपटीचे आडवे पंख उभ्या फिनच्या मध्यावर लागतात, बॉडीवर नाही. फिनमधून टूथपिक आरपार घाला आणि दोन्ही बाजूचे पंख त्यावर ओवा, म्हणजे आपोआप एका रेषेत येतात. तिथे जोडावर एक छोटं टपोरं आवरण असतं, ते टूथपिकवर कागदाची निमुळती पट्टी गुंडाळून करा. शेपटी चिकटवताना पुढून बघा, आडवी शेपटी आणि मुख्य पंख एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. मागून बघून खात्री करा. परत पुढून.

पंख दुमडलेले दाखवायचे का? खऱ्या विमानात इनटेकच्या बाहेरचा भाग वर उचलून दुमडतो, जहाजाच्या लिफ्टवर आणि हँगरमध्ये जागा वाचावी म्हणून. मॉडेलमध्ये तो दुमडा सुंदर दिसतो पण त्यासाठी कातडी कापायच्या आधीच पंख दोन तुकड्यांत काढावा लागतो, दोन्ही तोंडांना बंद बरगड्या, आत पेपरक्लिपच्या तारेची बिजागरी. पहिल्या सी हॉकला सरळ पंख ठेवा. दुसरं कराल तेव्हा दुमडा.

कॅनोपी आणि चाकं

कॅनोपी दोन्ही दिशांनी फुगीर आहे, म्हणजे साध्या पारदर्शक शीटची होत नाही. लाकडाचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा कॅनोपीच्या आकारात घासून घ्या, अर्धा मिमी लहान, मिनरल वॉटरच्या बाटलीचा तळ कापून ठोकळा बाटलीत घाला, खाली लाकडाची पाचर मारून घट्ट करा आणि हीट गनने फिरवत गरम करा. प्लॅस्टिक आकसून ठोकळ्याला चिकटतं, गार झालं की कटरने कापून काढा. साध्या हेअर ड्रायरची गरमी बऱ्याचदा कमी पडते. हे सगळं नको असेल तर गडद निळ्या-राखाडी चकचकीत कागदाच्या पाकळ्यांची बंद कॅनोपी करा, शोकेसमध्ये तीही वाईट दिसत नाही. फ्रेमच्या पट्ट्या वेगळ्या रंगवून चिकटवायच्या, ब्रशने थेट रेषा मारायला जाऊ नका.

चाकांचे दांडे पेपरक्लिपच्या तारेचे, तार थेट मधल्या डब्याच्या ग्रेबोर्डमध्ये रुतवायची, कातडीत नाही. चाकं ग्रेबोर्डच्या चकत्या थरावर थर, मध्ये भोक, त्यात टूथपिक, कडेला फेव्हिक्विक, आणि टूथपिक ड्रिलला लावून हळू फिरवत पॉलिश पेपरवर टेकवा. दोन मिनिटांत गोल गरगरीत चाक मिळतं. ड्रिल नसेल तर चिमटीत धरून फिरवत घासा, वेळ लागतो पण होतं. खाली थोडं सपाट घासलं की विमानाला वजन आल्यासारखं वाटतं.

रंग आणि खुणा

वर गडद राखाडी, खाली फिकट हिरवट, ही ब्रिटिश नेव्हीची जोडी, एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि स्काय, आणि आपल्या सी हॉकला तीच मिळाली. रंगवणार असाल तर ॲक्रिलिकच, पोस्टर कलरवर वार्निशचा ब्रश फिरवला की रंग वाहतो. काळ्यात पांढरा आणि चिमूटभर निळा मिसळून वरचा राखाडी येतो, पांढऱ्यात अगदी थोडा पिवळा आणि त्याहून कमी निळा मिसळून खालचा. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून तीन-चार पातळ हात, ओला हात दिला की कागद फुगतो. गोल खूण बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, ती पातळ कागदावर छापून कापा आणि मागून घासून आणखी पातळ करा.

स्क्वाड्रन अर्थातच आयएनएएस 300, व्हाइट टायगर्स. 4 डिसेंबर 1971 ला याच स्क्वाड्रनची विमानं विक्रांतवरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार आणि मग चितगाववर हल्ले केले, नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्तांकडे, त्यांना महावीर चक्र मिळालं. जहाजाच्या बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वेगाने पळता येत नव्हतं, आणि विमानाचं डिझाइन तेव्हा पाव शतक जुनं होत आलं होतं, सरळ पंखांचं, आवाजाच्या वेगाच्या अलीकडचं. तरी चाललं. 1983 मध्ये सी हॅरियर आल्यावर ही विमानं निवृत्त झाली. सांगायचा मुद्दा, नंबर आणि चिन्हं कुठल्याही दोन फोटोंतून मिसळून घेऊ नका, एकच विमान, एकच फोटो निवडा आणि त्यात जसं दिसतंय तसंच करा. आणि फार चकचकीत ठेवू नका, खाऱ्या वाऱ्यातलं विमान आहे. एक्झॉस्टच्या मागे पेन्सिलची पूड बोटाने ओढली की धुराचा डाग येतो, पोटाखाली दोन तेलाचे ओघळ, बस. सगळ्यावर मॅट वार्निशचा फवारा लांबून, दोनदा.

पावसाळ्यात काम चालू असेल तर कापलेले भाग झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, हवेतल्या ओलीने कार्डशीट फुगते आणि जुलैमध्ये कापलेला सेगमेंट नोव्हेंबरमध्ये वळवलेल्या शेजाऱ्याशी जुळत नाही. झालेलं विमान काचेच्या बंद पेटीत, उन्हाच्या खिडकीपासून लांब, कोपऱ्यात डांबरगोळी, कारण कसर लागली की ती आधी गोंद लावलेल्या जागा खाते.

शेपटीखालचा हुक, जो डेकवरच्या तारेत अडकून विमान थांबवतो, तो तारेचा करा आणि उभं विमान दाखवणार असाल तर वर घेतलेला ठेवा. लावायचा मात्र सगळ्यात शेवटी, पेटीत ठेवायच्या जस्ट आधी, उचलताना पहिला मोडतो तो हाच.